आधी भेगा बुजू दे

नवतपा सरेपर्यंत घरामागच्या सांदवाडीत एक बीसुद्धा टोकू नकोस, पोरी. मंगळवारी बाजारातून आणलेली पाकिटं फडताळातच राहू दे. आभाळात चार ढग दिसले, संध्याकाळी धुळीचं वादळ येऊन दोन शिंतोडे पडले, तरी नाही. २५ मेला सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि तिथून नऊ दिवस, म्हणजे २ जूनपर्यंत, नवतपा. या दिवसांत जमिनीकडून काही मागायचं नाही. तिला तापू द्यायचं.

हे नऊ दिवस कुण्या जोशीबुवांनी उगाच नेमले असं वाटत असेल, तर २६ मेच्या आसपास दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास अंगणात एक काठी सरळ उभी करून पाहा. सावली काठीच्या बुडाशी गोळा होते आणि क्षणभर दिसतच नाही. सूर्य त्या दिवशी नागपूरच्या बरोबर डोक्यावर असतो. रोहिणीचा प्रवेश आणि आपला बिनसावलीचा दिवस असे लागूनच येतात, म्हणून पंचांगातलं हे पान आपल्या गावाला चपखल बसतं. कोल्हापूरच्या माणसाला नवतप्याचं एवढं कौतुक नसतं. तिकडे सूर्य मेच्या पहिल्या आठवड्यातच डोक्यावरून पुढे निघून जातो.

परवा तू मोबाइलवर हवाई बेटांचं चंद्राचं कॅलेंडर दाखवलंस. तिथल्या लोकांनी महिन्याच्या तीसही रात्रींना वेगवेगळी नावं दिली आहेत. चंद्र वाढता, चंद्र गोल, चंद्र उतरता, असे दहा-दहा रात्रींचे तीन भाग. कोणत्या रात्री काय लावायचं, समुद्रात जाळं कधी टाकायचं, सगळं त्यावरून ठरतं. ‘आजी, आपणही असंच करू या का?’ असं तू विचारलंस आणि मी तेव्हा नुसतं हसले. आता नीट सांगते.

होनोलुलू आणि नागपूर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, दोन्ही २१ अंशांच्या थोडं वर. त्यांच्याही डोक्यावर सूर्य मेच्या अखेरीस येतो. पण त्यांच्या चारी बाजूंनी समुद्र. होनोलुलूत आजवरचं सगळ्यात जास्त तापमान ३५ अंश नोंदलं आहे, आणि ३५ अंश म्हणजे आपल्याकडे कुलर धुऊन ठेवायचा दिवस. आपल्या शहराने २३ मे २०१३ ला ४७.९ अंश पाहिले आणि २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे ३.५ अंशही पाहिले. (४७.९ झाले तेव्हा नवतपा लागायचा होता, सूर्य अजून कृत्तिकेतच होता. एवढं पंचांगाच्या विरोधातलं मीच सांगून ठेवते.) जिथे बारा महिने बी रुजतं तिथे चंद्र पुरतो. आपल्याकडे मे महिन्यातल्या कितीही चांगल्या तिथीला मेथी पेरली, तरी ती दुपारपर्यंत करपणार.

म्हणून माझ्या सासूबाईंचा नेम असा होता की काय लावायचं ते सूर्याच्या नक्षत्रावरून ठरवायचं आणि पंधरवड्यातली निगराणीची कामं चंद्राच्या तिथीवर टाकायची. दोघांच्याही वर जमीन. तिने नाही म्हटलं की पंचांग मिटून ठेवायचं.

चंद्राच्या महिन्यावर पेरणी का करू नये, ते पोळ्यावरून ध्यानात घे. २०२३ मध्ये श्रावण अधिक आला आणि पोळा १४ सप्टेंबरला पडला. २०२५ मध्ये तोच पोळा २२ ऑगस्टला. मधे तीन आठवड्यांहून जास्त अंतर. ‘पोळ्याला फुलकोबीचं रोप टाकते’ असा नेम धरला असता तर एका वर्षी रोप उशिरा झालं असतं आणि दुसऱ्या वर्षी धो धो पावसात कुजलं असतं. सूर्याचं पूर्वा नक्षत्र मात्र दर वर्षी ३० ऑगस्टच्याच आगेमागे लागतं. मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, हस्त २६-२७ सप्टेंबरला, चित्रा १० ऑक्टोबरला. साधारण तेरा-चौदा दिवसांचं एकेक नक्षत्र, वर्षात सत्तावीस. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर ही नोंद असते. आपण एकादशी-चतुर्थी तेवढी शोधतो आणि ही ओळ वाचायची राहते.

नक्षत्राची ही तारीखसुद्धा कायमची नाही, बरं का. नक्षत्रांवरून मोजलेलं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा वीसेक मिनिटांनी मोठं असतं, त्यामुळे सुमारे बहात्तर वर्षांत नक्षत्राची तारीख एक दिवसाने पुढे सरकते. आपल्या हयातीत त्याने काही बिघडत नाही. पण हजार वर्षांपूर्वीच्या कुणी मृगाबद्दल काही सांगून ठेवलं असेल, तर त्याचा मृग आपल्या मृगाच्या दोनेक आठवडे आधी लागायचा हे धरून चालायचं.

आता नवतप्यातली कामं. वाफे कुदळीने वीतभर खोल उकर आणि ढेकळं उलटी पाडून तशीच सोड. फोडत बसू नको. काळ्या मातीचं ढेकूळ पहिल्या जोरदार पावसात आपणच विरतं. लव्हाळ्याच्या गाठी, हराळीच्या मुळ्या, मातीत दडलेले किड्यांचे कोष असे उघड्यावर येतात आणि उन्हाने मरतात. जे काम पुढे चार महिने खुरपी घेऊन करावं लागलं असतं, ते ऊन नऊ दिवसांत फुकट करून देतं. नवतपा चांगला तापला की पाऊस चांगला पडतो, असंही म्हणतात. त्याची खात्री मी देणार नाही. तापलेल्या वाफ्यात तण कमी येतं, एवढं मात्र माझ्या खुरपीने पाहिलं आहे.

तुमच्या घरामागे संत्र्याचं एक जुनं झाड आहे, ते मी पाहून घेतलं. त्याच्या बुंध्याला पावसाळ्यापूर्वी बोर्डो मलम लावायचं. पावसात बुंध्यापाशी पाणी साचलं की डिंक्या होतो. साल फाटून डिंक गळतो आणि दोन-तीन वर्षांत झाड जातं. एका झाडाला शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम कळीचा चुना आणि एक लिटर पाणी पुष्कळ झालं. मोरचूद अर्ध्या लिटरमध्ये आणि चुना अर्ध्या लिटरमध्ये वेगवेगळे भिजवायचे, प्लॅस्टिकच्या नाही तर मातीच्या भांड्यात. लोखंडी बादली अजिबात नको. मग दोन्ही एकत्र ओतून ढवळायचं. एक लोखंडी खिळा त्यात बुडवून पाहा. तांबूस झाला तर चुना कमी पडला, थोडा आणखी घाल. त्याच दिवशी जुन्या ब्रशने जमिनीपासून तीन फुटांपर्यंत लाव. पावसाळा संपल्यावर पुन्हा एकदा. आणि पाणी देताना आळं बुंध्याला लागून करू नको. एक छोटा मातीचा कडा बुंध्याभोवती, दुसरा मोठा फांद्यांच्या घेराखाली, आणि पाणी त्या दोन कड्यांच्या मधे. अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतली माणसंही शेतकऱ्यांना हेच सांगतात.

जी झाडं आधीपासून आहेत, मोगरा, जास्वंद, गोडनिंब, त्यांना नवतप्यात पाणी पहाटे द्यायचं. पहाटे उठवत नसेल तर रात्री नऊनंतर, भिंती जरा निवल्यावर. शुद्ध पक्षातल्या रात्री असतील तर टॉर्चही लागत नाही. पश्चिमेच्या बाजूने हिरवी जाळी बांध. वरून बांधून फारसा फायदा नाही, दुपारी तीनचं तिरपं ऊनच कुंड्या भाजतं. कुलरच्या टाकीत तळाला उरलेलं पाणी झाडांना घालू नको. ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून सगळेच घालतात. कुलरमधलं पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. महिनाभर तेच पाणी घातलं की कुंडीच्या काठावर पांढरी पापडी येते आणि पानांची टोकं जळतात. कुलरला वाळ्याच्या ताट्या लावत असाल तर जुन्या ताट्या मात्र टाकू नको. चांगल्या धुऊन कुंडीच्या मातीवर पसरव. तूर-सोयाबीनचं कुटार मिळालं तर त्याहून उत्तम.

मृगाचं वाहन यंदा काय आहे, असं तुझे सासरे ७ जूनला विचारतीलच. सूर्य नक्षत्रात शिरतो त्या वेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे हे सूर्यनक्षत्रापासून मोजायचं, आलेल्या आकड्याला नवाने भागायचं आणि बाकीवरून वाहन काढायचं. एक उरला तर घोडा, दोन कोल्हा, तीन बेडूक, चार मेंढा, पाच मोर, सहा उंदीर, सात म्हैस, आठ गाढव, काहीच उरलं नाही तर हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाऊस भरपूर, असा समज. हिशोब गमतीचा आहे आणि सूर्य-चंद्र दोघांनाही एकाच गोष्टीत गोवणारा आहे, म्हणून मला आवडतो. पण तो गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळ्यांना एकच वाहन देतो आणि पाऊस काही सगळीकडे एकसारखा पडत नाही. तेव्हा सासऱ्यांना वाहन सांग, त्यांना बरं वाटेल, आणि आपण जमिनीकडे बघ.

जमिनीकडे बघायचं म्हणजे काय, तर भेगा. काळी माती उन्हाळ्यात तडकते, काही भेगांत हात जाईल एवढी. पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून सरळ खाली जातं. वर चिखल दिसतो आणि आत कोरडं असतं. भेगा पूर्ण बुजल्या, आणि जुन्या छत्रीची काडी वीतभर आत सहज गेली, की जमीन तयार. शेतकऱ्यांना कृषी विभाग दर वर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. ते काही वेगळं नाही, भेगा बुजण्याचाच तो आकडा आहे. नागपुरात मोसमी पाऊस सरासरीने जूनच्या मध्यावर येतो, म्हणजे मृगाचे पहिले आठ दिवस बहुतेक वेळा कोरडेच जातात. मातीवर लाल मखमली मिरगाचे किडे फिरताना दिसले की ओल खोल गेली असं सासूबाई समजायच्या. नागपूरच्या सदर भागात इतकं काँक्रीट झालं की आता ते किडे क्वचितच दिसतात. तुझ्या सांदवाडीत दिसले तर लेकराला दाखव. आणि सेमिनरी हिल्सच्या बाजूला घर असेल तर फावडं मारल्यावर लगेच मुरूम लागतो. तिथे भेगाच पडत नाहीत, म्हणून छत्रीची काडीच खरी. मुरमाड जागी पाणी टिकत नाही, शेणखत दुप्पट घालावं लागतं.

मग मृगात नाही तर आर्द्रात, जेव्हा ओल होईल तेव्हा, कंपाउंडच्या भिंतीला लागून दोडका, कारलं आणि एक कोहळं. एकच. कोहळ्याचा वेल शेजाऱ्याच्या गच्चीवर जातो आणि मग फळ कुणाचं यावरून बोलणं होतं. भेंडी आणि बरबटी उघड्या वाफ्यात. न्हाणीचं पाणी जिथे निघतं तिथे धोपा लाव.

धोप्यावर जरा थांबते. हवाई लोक ज्याला कालो म्हणतात तो हाच, आपण ज्याच्या पानांच्या वड्या करतो आणि ज्याच्या कंदाला पूर्व विदर्भात कोचई म्हणतात. त्यांच्या कथेत पहिलं मूल जन्मतःच गेलं, त्याला घरापाशी पुरलं आणि तिथून कालो उगवला. त्यानंतर झालेलं दुसरं मूल माणसांचा पूर्वज. म्हणजे कालो हा माणसाचा थोरला भाऊ. त्यांच्या कॅलेंडरात त्याला मान आहे तो त्यामुळे. आपल्याकडे त्याला न्हाणीमागची जागा. पण लावायची रीत सारखीच: कंदाचा वरचा चकतीएवढा तुकडा देठाच्या खुंटासकट ठेवायचा आणि तोच रोवायचा, खालचा कंद खायला. पानं तोडताना बाहेरची तोड, मधली दोन-तीन नेहमी राहू दे.

पुनर्वसू आणि पुष्य, म्हणजे जवळजवळ सगळा जुलै, रोपं लावायचा आणि फांद्या खोचायचा काळ. वांगी, मिरची यांची रोपं मृगात टाकली असतील तर आता बोटभर जाड देठाची वाट न पाहता चार-पाच पानांवर उचल. जास्वंद, मोगरा, कुणाच्याही दारातून मागून आणलेली फांदी या पाण्यात जगते. मागून आण म्हणजे मागूनच. चोरून आणलेली चांगली लागते हा सदरच्या बायकांनी केलेला प्रचार आहे. आश्लेषा आणि मघात नवीन काही लावू नको. निंद आणि पाणी वाहतं ठेव, बस.

आता चंद्राकडे येऊ. तिथीनुसार कामं वाटून घ्यायची म्हणजे तिथीत काही जादू आहे असं मी म्हणत नाही. शुद्ध पक्षात झाडाचा रस वर चढतो म्हणून पालेभाज्या तेव्हा पेराव्या, वद्यात खाली उतरतो म्हणून लसूण-मुळा तेव्हा लावावा, असं जुनी माणसं म्हणतात. हवाईतही तसंच काहीसं आहे, आणि जर्मन भाषेत रुडॉल्फ स्टायनरने १९२४ मध्ये दिलेल्या शेतीवरच्या व्याख्यानांतून निघालेल्या पंथातही. रस वरखाली होण्याचं मला कुणी पटवून दिलेलं नाही. पण चंद्र हा बागेचा चांगला मुकादम आहे. महिनाभरात कोणतं काम राहून गेलं हे तो विसरू देत नाही, आणि त्याची वेळ चुकत नाही.

हवाईच्या यादीत सात रात्री अशा आहेत की त्या दिवसांत काही लावत नाहीत. वाढत्या चंद्राच्या सातव्यापासून दहाव्या रात्रीपर्यंत चार, आणि उतरत्या चंद्रात एकविसावी ते तेविसावी अशा तीन. त्या दिवसांत तण काढायचं, बांध-बंधारे नीट करायचे, जाळी दुरुस्त करायची. आपल्याकडे महिन्यात सहा रिक्ता तिथी असतात: दोन्ही पक्षांतली चतुर्थी, नवमी आणि चतुर्दशी. शुभकार्याला त्या टाळतात. सासूबाई त्या तिथींना बी मातीत घालत नसत आणि हात रिकामे ठेवतही नसत. खुरपीला धार लावणं, कुंडीचं तळाचं भोक मोकळं करणं, वेलाची सुतळी बदलणं, वाळलेला पाला खताच्या खड्ड्यात टाकणं, हे सगळं रिक्ता तिथीचं. ही कामं एरवी कधीच होत नाहीत. लावायची हौस सगळ्यांना असते, भोक मोकळं करायची नसते.

एकादशीला बागेचा उपास. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात त्या दिवशी पाण्याची झारी उचलायची नाही, फक्त प्रत्येक कुंडीत बोट खुपसून बघायचं. काळ्या मातीची कुंडी वरून कोरडी आणि आत चिकट असते. सदरमधल्या निम्म्या तुळशी जास्तीच्या पाण्याने मरतात. उन्हाळ्यात हा उपास पाळू नको. नवतप्यात निर्जला एकादशी तू कर, मोगऱ्याला करायला लावू नको.

अमावास्या फार कामाची. किडीचे पतंग काळोख्या रात्री जास्त फिरतात. पौर्णिमेच्या उजेडात दिव्याच्या सापळ्यात पतंग कमी येतात, हे कीटकशास्त्रवाल्यांनी मोजून ठेवलं आहे. आपल्याकडचे कापसाचे शेतकरी अमावास्येच्या आगेमागे अंड्यांवर आणि फवारणीवर डोळा ठेवतात तो याचसाठी. तू अमावास्येच्या दोन रात्री आधीपासून टॉर्च घेऊन वांग्याच्या आणि भेंडीच्या पानांची खालची बाजू बघ. वांग्याचा शेंडा मान टाकतो तिथे आत अळी असते; शेंडा बोटभर खालून कापून साबणाच्या पाण्यात बुडव. खड्ड्यात टाकू नको, ती अळी तिथून बाहेर येते.

फवारायला निंबोळीचा अर्क पुरतो. सिव्हिल लाइन्सपासून छावणीपर्यंत रस्त्याच्या कडेला निंब आहेत. पावसाच्या तोंडावर पिवळ्या निंबोळ्या पडतात तेव्हा टोपलीभर वेचून आण, गर धुऊन काढ आणि बी सावलीत वाळवून ठेव. उन्हात वाळवलं तर त्यातला कस जातो. फवारणीच्या आदल्या रात्री पन्नास ग्रॅम बी जाडसर कुटून एक लिटर पाण्यात भिजव, सकाळी फडक्यातून पिळून गाळ, त्यात कपड्याच्या साबणाचा चुरा चिमूटभर. फवारायचं मात्र संध्याकाळी, ऊन गेल्यावर. आधी सांगितलेल्या कोणत्याही तिथीपेक्षा हे महत्त्वाचं.

श्रावणी अमावास्येला पोळा, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या नागपूरची मारबत. १८८० च्या दशकापासून काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते आणि सगळं गाव आपली रोगराई तिच्यासोबत घालवून देतं. त्याच सकाळी सासूबाई सांदवाडीत शिरायच्या. मोझॅक झालेली भेंडी, पिवळ्या शिरांची बरबटी, बुरशीने पांढरं झालेलं दोडक्याचं पान, सगळं उपटून पोत्यात. ‘वाचेल कदाचित’ म्हणून ठेवायचं नाही. पिवळ्या शिरांचा रोग पांढऱ्या माशीने पसरतो. एक झाड ठेवलं की आठवड्यात सगळा वाफा तसा होतो. अमावास्येच्या काळोखात पतंगांनी अंडी घातलेली असतात, तेव्हा लगेच दुसऱ्या दिवशी ही सफाई अगदी वेळेवर पडते. तारीख पुढेमागे झाली तरी काही बिघडत नाही, कारण सफाईला ऋतू नसतो. अशा कामांना चंद्र चालतो.

पूर्वा लागलं की फुलकोबी, पत्ताकोबी, टोमॅटोची रोपं टाकायची. पाऊस अजून असतो, म्हणून फुटक्या घमेल्यात, पत्र्याच्या आडोशाला. उत्तरा संपताना आणि हस्तात ती वाफ्यात. हस्ताचा पाऊस विजेसह येतो आणि तासाभरात वाफे सपाट करतो, तेव्हा वरंबा उंच कर.

विदर्भातला संत्रा-लिंबाचा बराचसा धंदा या नक्षत्रांच्या नावाने चालतो, ते पाहा. जून-जुलैत फुटणारा मृग बहार, सप्टेंबर-ऑक्टोबरातला हस्त बहार. दारचं लिंबू हस्तात फुललं तर एप्रिल-मेमध्ये, ज्या दिवसांत बाजारात लिंबू परवडत नाही त्या दिवसांत, घरचं सरबत होतं. पण त्याच्याआधी झाडाला पाण्याचा ताण लागतो आणि भर पावसात ताण द्यायचा कसा, ही पंचाईत आहे. मुरमाड जागेत पाणी निघून जातं, तिथे जमतं. काळ्या मातीत नाद सोड.

चित्रात मेथी, पालक, सांबार, मुळा. सांबाराचे धने पायाच्या टाचेखाली रगडून दोन फाका करून टाक, आणि १० ऑक्टोबरच्या आधी घाई नको. उन्हात सांबार उगवत नाही, उगवला तर लगेच फुलावर जातो. गुलाबाची छाटणीही तेव्हाच. लसूण वद्य पक्षात लावायचा असेल तर लाव, फक्त दिवाळीपर्यंत लागला पाहिजे. पावसाळ्यात लावला असेल तर पोपटाच्या शेंगांचा वेल तोवर भिंतीवर चढलेलाच असेल.

कार्तिकात संध्याकाळी गच्चीवर जा आणि सदर बाजाराच्या दिव्यांकडे पाठ करून पूर्वेला बघ. कृत्तिकांचा पुंजका दिवेलागणीला उगवताना दिसेल. कार्तिक पौर्णिमेला चंद्र त्यांच्याजवळच असतो. हवाईतही याच पुंजक्याची वाट बघतात. त्याला ते मकालीइ म्हणतात. तो सूर्यास्ताला उगवला की त्यांच्या माकाहीकीचे चार महिने लागतात, सुगीचे आणि विसाव्याचे. आपल्याकडे विसावा कुठला? तुळशीचं लग्न, मग थंडी.

थंडीत काही विशेष नाही. डिसेंबरच्या शेवटी पारा घसरेल असं रेडिओवर ऐकलं की संध्याकाळी वाफ्याला हलकं पाणी दे आणि टोमॅटोवर जुनं लुगडं टाक. मोगऱ्याची पानं ओरबाडून टाक, फांद्या अर्ध्यावर छाट, पाणी कमी कर.

राहता राहिलं ते संत्र्याचं झाड. आंबिया बहारासाठी त्याला थंडीत पाणी तोडायचं. मुरमाड जमीन असेल तर महिनाभर पुरतं, काळ्या जमिनीत दीड ते दोन महिने. संक्रांतीला सोडायचं, आणि संक्रांत सूर्यावर असल्यामुळे ती १४-१५ जानेवारीची जागा सोडत नाही, आठवणीला सोपी. पानं थोडी मलूल होऊन दुमडली, काही गळाली, की ताण बसला. घाबरून मधेच बादलीभर पाणी ओतलं की सगळा ताण फुकट गेला. दोन कड्यांच्या मधे शेणखत आणि थोडी ढेप चाळवून घे, मग पहिलं पाणी हलकं, आठवड्याने दुसरं भरपूर. जानेवारीच्या अखेरीस, फेब्रुवारीत फूल दिसेल. आणि दुसरं एखादं झाड कुंडीत असेल तर हा ताणाचा खेळ करू नकोस. कुंडीतलं संत्रं आठ दिवसांत वाळतं.